खाली काय घालताय?

प्रदर्शनात खोंड धरून उभं राहिलं की येणारा जाणारा विचारतो, खायला काय घालताय, पेंड कुठली, किती दाती आहे, द्यायचा आहे काय. जनावर बसतं तिथं खाली काय घालताय हे आजपर्यंत एकाच माणसानं विचारलं आणि तोही हरियाणाचा, त्याच्याकडं नंतर येतो. खरं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीसुद्धा ह्याचा कधी विचार केला नव्हता. जनावर आहे, जमिनीवर बसणार, त्यात काय एवढं.

आमचं गाव करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठाला. दावणीला तीन म्हशी, एक जर्सी आणि हरण्या. हरण्या म्हणजे आमचा खिल्लार खोंड, पांढराधोट. २०२२ ला लम्पी, म्हणजे जनावरांच्या अंगावर गाठी आणणारा रोग, आला तेव्हा हा वासरू होता, जनावरांचे बाजार बंद, प्रदर्शनं बंद, आई रोज सकाळी चहाच्या आधी त्याच्या अंगावरून हात फिरवून गाठ लागते काय बघायची. त्यातनं वाचला म्हणून आबा त्याला विकायचं नाव काढू देत नाहीत, आणि मग मलाही नाद लागला की एवढा देखणा खोंड घरात ठेवून काय उपयोग, चार लोकांना दाखवायला पाहिजे.

पहिलं प्रदर्शन २०२४ च्या जानेवारीत, शेजारच्या एका तालुक्याच्या ठिकाणी. दोन महिने तयारी केली. रोज धुणं, खरारा, शिंगं साळून तेल, संध्याकाळी कासऱ्याला धरून दीड-दोन किलोमीटर चालवणं, खुराकात मका भरडा, सरकी पेंड, हरभऱ्याचा भुसा सगळं मापात. आदत, म्हणजे अजून दुधाचे दात न पडलेल्या जनावरांच्या गटात नाव घातलं. सगळं केलं आणि तो रात्री कुठं आणि कशावर बसणार एवढंच डोक्यात आलं नाही.

तिथं गेल्यावर बघतो तर नांगरट केलेल्या रानावर रोलर फिरवून मांडव घातलेला, खाली दोन बोटं पिंजर, म्हणजे भाताचा वाळलेला पेंढा, पसरलेलं. मला वाटलं चांगलं आहे की. संध्याकाळी धूळ उडायला लागली म्हणून टँकरनं पाणी मारलं, ते पिंजराखाली गेलं आणि वरनं काहीच दिसेना. हरण्या आमच्या गोठ्यात सिमेंटच्या कोब्यावर रबर मॅटवर बसणारा, त्याला पायाखाली हे भुसभुशीत ओलं काय आहे तेच कळेना. पुढचा एक पाय दुमडायचा, गुडघा टेकवायचा, परत उठायचा. मी रात्रभर खुर्ची टाकून बघत बसलोय, शेजारची जनावरं रवंथ करतायत आणि आमचा उभा. पहाटे चारच्या सुमाराला दमून एकदाचा बसला, ते पण नेमका स्वतःच्या शेणात.

सकाळी मागचे पाय घोट्याला सुजलेले, पोट खपाटीला गेलेलं कारण बसला नाही म्हणून धड रवंथ नाही आणि धड खाल्लंही नाही, आणि डाव्या मांडीवर ताटाएवढा पिवळा डाग. पांढऱ्या खिल्लारावर शेणामुताचा डाग वाळला की तो शांपूनं जात नाही हो, निरम्यानं पण जात नाही, मी दोन्ही करून बघितलं. रिंगणात चालवला तर मान खाली घालून, सासरी निघाल्यासारखा. नंबराचं सोडूनच द्या.

घरी आल्यावर आबांनी टेंपोतून उतरतानाच त्याच्या पायाकडं बघितलं. नंबर आला का विचारलंच नाही. म्हणाले, "बसलाच न्हाई व्हय रं राच्याला?" मी म्हणलं, पहाटे बसला. "मग काय चालणार त्यो, तू तरी रातभर हुबं राहून सकाळी लग्नात नाचशील काय?" आणि गेले आत.

आता आबांचं म्हणणं आधीपासूनच वेगळं होतं. आमचा जुना गोठा मातीचा, वर मुरूम ठोकलेला. पाऊस संपला की खराब झालेली माती काढून शेतात टाकायची आणि नवा मुरूम घालायचा असा रिवाज. मी हट्टानं कोबा करून घेतला, पाच फुटाला इंचभर उतार दिला, गटर काढली, झाडायला धुवायला लई सोयीचं. पण कोब्यावर म्हशी घसरायला लागल्या, जर्सीच्या मागच्या ढोपरावरचे केस गेले, कातडं जाड झालं आणि एकाला गोळा आला. मग मॅट आणल्या, साडेसहा बाय चार फुटाच्या, १७ एमएमच्या, एक उचलायला दोघं लागतात. मॅटमुळं घसरणं थांबलं, ढोपरं सुधारली. मला वाटलं विषय संपला. दुकानदारानं सांगितलेलं, मॅट असली की खाली काही घालायला लागत नाही.

मॅट पाणी पित नाही ही साधी गोष्ट. मूत आणि शेण वरच राहतं, उतारानं जेवढं जाईल तेवढंच. गाय-म्हैस मुतते ती मागं, ते थेट गटरीत जातं, त्यामुळं त्यांची मॅट बऱ्यापैकी कोरडी राहते. खोंडाचं तसं नसतं. त्याचं मूत पडतं बरोबर पोटाखाली, मॅटच्या मधोमध, म्हणजे जिथं तो बसणार तिथंच. हे मी हरण्याला दोन वर्षं सांभाळूनसुद्धा बघितलं नव्हतं, म्हणजे बघितलं होतं पण त्याचा अर्थ लावला नव्हता. त्याच्या पोटाखालच्या केसांचा रंग कायम पिवळट का, हे तेव्हा लक्षात आलं. गायीच्या हिशोबानं केलेला गोठा खोंडाला चालत नाही, त्याला मध्ये मूत पिणारं काहीतरी घालावंच लागतं.

मग सुरू झाली माझी शोधाशोध. जवळजवळ सात-आठ महिने गेले ह्यात.

पहिल्यांदा पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, कारण आमच्याकडं तेच फुकट. तोडणी झाली की रानात गुडघाभर पाचट, लोक काडी लावतात. आणून घातलं. पहिल्या दिवशी छान दिसलं, दुसऱ्या दिवशी चपटं झालं, मूत अजिबात पित नाही, वरनं खाली निथळतं आणि शेणात मिसळून त्याची वेणी होते, खोऱ्यानं निघत नाही, हातानं ओढावं लागतं. शिवाय पाचटाच्या कडा कसल्या असतात ते ऊस तोडणाऱ्याला विचारा, जर्सीच्या सडांवर बारीक चिरा दिसल्या तशी मी सगळं उचलून उकिरड्यावर टाकलं. कुट्टी करून घातलं तर बरं पडतं असं म्हणतात, पण वैरणीची कुट्टी करताना आमची लाईट जाते, पाचटाची कुठं करत बसू.

मग बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा. कारखान्याचा बगॅस हातात घेतला की मऊ, स्पंजासारखा, मला वाटलं ह्याच्यासारखं काही नाही. एक मित्र ट्रॉली भरून घेऊन आला. घरी आणून ढीग मारला आणि तिसऱ्या दिवशी ढिगात हात घातला तर गरम. ताज्या बगॅसमध्ये निम्मं तर पाणीच असतं आणि थोडी साखर राहिलेली असते, ते आंबायला लागतं. माशा, मुंगळे, आंबूस वास, हरण्या शेपटी मारून मारून हैराण. उन्हात पसरून खडखडीत वाळवला तर तो चांगला आहे, मूत भरपूर पितो, पण एवढं वाळवायला खळं पाहिजे आणि ऊन पाहिजे. गुऱ्हाळात वाळलेली चिपाडं असतात पण ती कोण देणार, त्यांचं चुलवाण त्याच्यावरच चालतं. एका गुऱ्हाळवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले, "खोंडाला गादी पाहिजे व्हय, मग काकवीपण घेऊन जा की चाटायला."

तिसरा प्रयोग लाकडाच्या भुशाचा आणि हा मला महागात पडला. कोल्हापुरात टिंबर मार्केटमध्ये सॉ मिलवर भुशाची पोती मिळतात. दिसायला झकास, गोठा एकदम परदेशी व्हिडिओतल्यासारखा दिसायला लागला, मी फोटो काढून स्टेटसला ठेवले. हरण्याखाली घातला आणि हौसेनं म्हशींखाली पण घातला. दोन गोष्टी झाल्या. एक, तो भुसा लालसर लाकडाचा होता, ओला झाल्यावर त्याचा रंग सुटला आणि हरण्या खालनं चहा सांडल्यासारखा झाला. दुसरी गोष्ट वाईट. महिन्याभरात चंद्रीला, म्हणजे आमच्या चांगलं दूध देणाऱ्या म्हशीला, दगडी झाली, म्हणजे कास सुजायचा रोग. एक सड कडक, दुधात गाठी, ताप. पावसाचे दिवस, भुसा बाहेरून कोरडा दिसत होता आणि आत बोटभर खाली ओला, मी फक्त वरचं शेण काढून वर नवीन घालत होतो.

डॉक्टर आले. कासेला औषध भरलं, इंजेक्शन दिलं आणि मग खाली बघितलं. मला म्हणाले, "गुडघ्यावर बस." मला वाटलं काहीतरी धरायला सांगतायत, मी बसलो. "तसा न्हवं, दाणकन आपट गुडघे, म्हैस बसते तसे." आपटले. "आता वीस आकडे मोज." मोजले. उठलो तर पँट दोन्ही गुडघ्यांना ओली, आणि त्या भुशाखालची मॅट गुडघ्याला चांगलीच लागली होती. "हे तुला वीस सेकंदांत झालं. जनावर दिवसातनं दहा-बारा तास बसतं ह्याच्यात, चांगली आरामात असलेली गाय तर चौदा तासांपर्यंत बसते, कास टेकवून. भुसा मऊ आहे पण ओला भुसा म्हणजे जंतूंचं विरजण."

त्यांनीच सांगितलं की धार काढल्यावर सडाचं तोंड लगेच मिटत नाही, अर्धा-एक तास उघडं असतं, तेवढ्या वेळात म्हैस खाली बसली की घाण आत. म्हणून धार झाली की लगेच पुढ्यात वैरण टाकायची, ती खात उभी राहते. आमची आज्जी आयुष्यभर हेच करायची, धार झाली की हिरवी वैरण, आणि मी वेळ वाचवायला म्हणून वैरण आधी टाकायला लागलो होतो. चंद्रीचं ते सड वाचलं, पण त्या वेतात दूध काही पहिल्यासारखं झालं नाही, डेअरीत स्लिप बघितली की पोटात कालवायचं.

भुसा वाईट असं माझं म्हणणं नाही. कोरडा, जाडसर रंध्याचा असला आणि रोज बदलला तर खोंडाखाली चालतो. पण प्लायवूडचा आणि फर्निचरच्या कारखान्यातला नको, त्यात गोंद आणि केमिकल, आणि खिळे-तारा निघतात. मी एकदा चुंबक फिरवलं तर पोत्यात तीन खिळे. जनावर जीभ घालून काय काय उचलतं त्याचा नेम नाही, खिळा पोटात गेला की तो हृदयाकडं सरकतो. म्हशींखाली मात्र मी परत भुसा घातला नाही.

वाळूचं मी फक्त ऐकून आणि बघून आहे. कोल्हापुरात मेरी वेदर ग्राउंडवर प्रदर्शन भरतं तेव्हा हरियाणाचे मुऱ्हा रेडे येतात, बघायला ही गर्दी, सेल्फीसाठी रांगा. मी गर्दी ओसरल्यावर रात्री गेलो. एका रेड्याखाली वीतभर जाड बेड, खाली वाळू, वर पिंजर. सांभाळणारा माणूस एक छोटी दाताळी घेऊन बसलेला, शेण पडायच्या आत पुढं घमेलं धरायचा, खरंच सांगतो, रेड्यानं शेपूट उचलली की ह्याचं घमेलं तयार. मी विचारलं, खिलाते क्या हो. तो हसला. म्हणाला, सब यही पूछते हैं, आणि मग मलाच विचारलं, तुम नीचे क्या डालते हो? मी म्हणलं मॅट. तर म्हणाला, घर पे वो चीज डालो जो बाहर मिलेगी. बस एवढंच, आणि परत घमेलं घेऊन बसला.

डोक्यात लख्ख झालं. वाळू चांगली हे सगळे सांगतात, वाळूत जंतूंना खायला काही नसतं म्हणून दगडी कमी होते, पण नदीची वाळू आता घर बांधायला परवडत नाही तर जनावराखाली कुठनं घालू. क्रशसँड मिळते पण ती टोकदार, सडाला-खुराला घासते. आणि आमच्या गोबरगॅसमध्ये वाळू गेली की तळाला बसून टाकी भरलीच म्हणून समजा. म्हणजे वाळू बाद, पण त्याचं वाक्य मी घेतलं. माझी चूक नुसती पिंजराची नव्हती, हरण्यानं पिंजर कधी पायाखाली बघितलंच नव्हतं.

पिंजर मग घरी सुरू केलं. आमच्याकडं भात थोडंच, गगनबावडा, राधानगरी भागातनं ट्रक येतात सुगी झाल्यावर. पिंजर उबदार, दिसायला भारी, सोनेरी पिंजरात पांढरा खोंड उभा केला की फोटोत वेगळाच दिसतो. पण पिंजर ही वैरण आहे, जनावर ते खातं. बसल्या बसल्या खालचं ओढून खातं, मुतलेलं सुद्धा. आणि पिंजर पावसात भिजलेलं असलं तर त्याला काळी-गुलाबी बुरशी येते. डॉक्टरांनी मला डेगनाला नावाचा रोग सांगितला, बुरशी आलेलं भाताचं पिंजर म्हशींच्या पोटात गेलं की कानाचं टोक, शेपटीचं टोक, खुरावरचं कातडं सडायला लागतं. २०१९ च्या महापुरानंतर आमच्या भावकीत एकानं भिजलेल्या गंजीतलं पिंजर वाळवून वापरायचं ठरवलं होतं, तेव्हा आबांनी गंजी मोडून सरळ रानात पसरायला लावली होती, कारण त्यांना रोगाचं नाव माहीत नसेल पण वास माहीत होता. पिंजर घेताना पेंढी सोडायची, मध्ये नाक घालायचं, कुबट आलं तर फुकट दिलं तरी आणायचं नाही.

शेवटी ज्याच्यावर येऊन थांबलो ते म्हणजे तूस. भाताच्या गिरणीतलं तूस, तांदळावरचं टरफल. हे मला आधी का सुचलं नाही कुणास ठाऊक, गिरणी गावापासनं चार किलोमीटरवर. तूस जनावर खात नाही. हलकं, खतांच्या पोत्यात भरलं तर दहा-बारा किलोच बसतं. कोरडं असेल तर अंगाला चिकटत नाही, हात फिरवला की झडतं, डाग पडत नाही. भुशाएवढं मूत पित नाही हे खरं, पण खाली निथळू देतं आणि वर कोरडं राहतं, ओला झालेला भाग वेगळा दिसतो, गडद होतो, घमेल्यानं तेवढाच उचलता येतो. हरण्याच्या मॅटवर मधोमध, जिथं त्याचं मूत पडतं तिथं, चार बोटं जाड तूस, आणि पुढच्या पायाखाली पातळ. सकाळ संध्याकाळ ओलं काढायचं, नवीन दोन घमेली टाकायची. आठवड्यातनं एकदा सगळं काढून मॅट उचलायची, खाली विरलेल्या चुन्याची फक्की मारायची, ही सुद्धा बेतानं, जास्त मारली तर सडाला आणि कातड्याला भाजते. म्हशींखाली तूस अगदी पातळ, आणि मागच्या बाजूचं रोज बदलायचं.

तुसाचे तोटे सांगायला पाहिजेत, नाहीतर गिरणीवाल्यानं पैसे दिले म्हणाल. धूळ लई. पोतं ओतताना जनावर बाहेर काढायचं, तोंडाला टॉवेल बांधायचा, नाहीतर डोळ्यात कूस जाते आणि दिवसभर खाजतं. ओतल्यावर पाण्याचा नुसता हबका मारायचा. खतात गेलं की लवकर कुजत नाही, शेणखतात वर्षानं पण तूस तसंच दिसतं. गोबरगॅसला तर चालतच नाही, वर तरंगून साय धरल्यासारखा थर होतो, म्हणून हरण्याचं शेण आता वेगळ्या खड्ड्यात. आणि डिसेंबरपासनं वीटभट्ट्या चालू झाल्या की तूस मिळणं मुश्कील, ते गाड्याच्या गाड्या उचलतात. मी दिवाळीच्या आसपासच तीस पोती भरून माळ्यावर टाकतो.

आता पुढच्या प्रदर्शनाची तयारी. २०२५ च्या फेब्रुवारीत नाव घातलं, हरण्या तेव्हा दोन दाती झालेला. ह्या वेळी प्रदर्शनाच्या महिनाभर आधी मी त्याची मॅट काढून टाकली. अंगणात शेवग्याखाली मोकळ्या मातीवर बांधायला लागलो, खाली तूस, वर पिंजर, जसं तिथं करणार तसंच. पहिल्या दोन रात्री तोच प्रकार, गुडघा टेकवायचा, उठायचा. तिसऱ्या रात्री बसला. मग बल्ब लावून ठेवायला लागलो कारण मांडवात रात्रभर लाईट असते. मग आमच्या भाच्यानं डोकं चालवलं, स्पीकरवर हलगी लावली, म्हणाला मामा तिथं रात्री ऑर्केस्ट्रा असतो. पहिल्यांदा हलगी वाजली तेव्हा हरण्या नाही पण शेजारची काकू उठून आली. आठवड्याभरात अशी सवय झाली की हलगी चालू आणि खोंड रवंथ करतोय, मान लांब टाकून.

सामान असं नेलं: दहा पोती तूस, तीस पेंढ्या पिंजर, दाताळं, दोन घमेली, चुन्याची पिशवी, जुनी गोणपाटं आणि एक कुदळ. टेंपोवाला म्हणाला, खोंड कुठं बसवायचा? टेंपोतपण खाली तूस घातलं, वर गोणपाट, नाहीतर पत्र्यावर घसरतो आणि ब्रेक मारला की गुडघे फुटतात. बरेच लोक टेंपोत नुसतं पिंजर टाकतात, ते लोखंडावर सरकतं, काही उपयोग नाही.

जागेवर गेल्यावर प्रदर्शनवाल्यांनी टाकलेलं पिंजर आधी सगळं बाजूला काढलं. शेजारचा बघतच राहिला, म्हणला, पावनं घर बांधतायसा काय. कुदळीनं जमीन खरवडून पुढची बाजू दोन इंच उंच ठेवली आणि मागं उतार, पुढचे पाय उंचावर असले की पाठ सरळ दिसते, छाती भरते आणि मूत मागं वाहून जातं. मांडवाच्या बाजूनं वीतभर चर मारला, टँकरचं पाणी आलं तर बाहेरनं जाईल. ताडपत्री घालायचा मोह होतो, घालू नका, मी घरी करून बघितलंय, मूत खाली जात नाही आणि तळं होतं. मातीवर फक्कीचा हलका हात, त्यावर आठ पोती तूस, साधारण सहा फूट बाय दहा फूट जागेत ते पाच इंच होतं. पायानं तुडवून बसवलं. वर पिंजर, पेंढ्या सोडून आडवं-उभं, पुढं कमी आणि मागं जास्त, कारण पुढचं तो खाणार. आणि मग सगळ्यात शेवटी मी चार लोकांच्या देखत गुडघ्यावर दाणकन बसलो आणि वीस मोजले. शेजारच्यानं हात जोडले, त्याला वाटलं मी देवाला नमस्कार करतोय.

रात्री पाळी लावली, मी आणि भाचा. पायाशी घमेलं. हरियाणावाल्यासारखं शेण हवेत झेलायला मला काही जमलं नाही, एकदा जमलं आणि त्याच आनंदात दुसरं सुटलं, पण शेण पडल्या पडल्या उचलायचं आणि पोटाखालचा ओला झालेला तुसाचा गोळा हातानं काढून तिथं कोरडं सारायचं एवढं बास होतं. शेवटची दोन पोती रात्रीत त्यातच संपली. साडेदहाला ऑर्केस्ट्रा चालू झाला. शेजारची जनावरं खुट्टा ओढायला लागली. पावणेअकराला हरण्यानं एकदा मागं बघितलं, गुडघे टेकवले आणि बसला. भाच्यानं मला कोपर मारलं. मला इतकं बरं वाटलं की मी आबांना फोन लावला, ते झोपलेले, उचलल्यावर पहिला शब्द, "बसला?" म्हणलं, बसला. "बरं," म्हणाले आणि ठेवला.

सकाळी धुवायला काही नव्हतंच जवळजवळ, मागच्या पायाला एक डाग, ओल्या फडक्यानं गेला. नंबर तिसरा आला. पहिल्या दोन खोंडांची शिंगं आणि वशिंड आमच्यापेक्षा सरस होते, त्यात वाद नाही, परीक्षकांनी दिलं ते बरोबर दिलं.

येताना तिथलं तूस-पिंजर तिथंच सोडलं. शेजारचा म्हणत होता, वरचं कोरडं आहे की, पोत्यात भरा. नको रे बाबा. शंभर गावची जनावरं तिथं आलेली, लाळ्या खुरकूत कुणाच्या पायाला असेल सांगता येत नाही, आणि तो रोग असल्या वस्तूंवरनंही घरी येतो. दाताळी, घमेली, टेंपोचा हौदा घरी गेल्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुतलं, दहा लिटरला ४०० ग्रॅम, गोणपाटं जाळली. हरण्याला तीन आठवडे अंगणातच शेवग्याखाली ठेवला, म्हशींपासनं लांब, त्याचं शेणघाण सगळ्यात शेवटी काढायचं आणि मग आंघोळ. आईला हे पटलं नाही, बक्षीस आणलेल्या पोराला बाहेर झोपवतोय म्हणाली, आणि रोज संध्याकाळी त्याला भाकरी द्यायला तीच जायची, चप्पल बाहेर काढून, एवढं मात्र ऐकलं.

यंदा भात लवकर निघालंय. गिरणीवाला म्हणतोय वीटभट्टीवाल्यानं आगाऊ पैसे देऊन ठेवलेत, तीस नाही पण वीस पोती देतो, गुरुवारी सकाळी सातच्या आत या. भाच्याला सांगून ठेवलंय, रिकामी पोती झटकून ठेव म्हणून, युरियाची नकोत, पेंडेची घे.